पकड शिकवायची, पण हात कुठे ठेवायचा?

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही मंठा तालुक्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहात. यंदा मुलींचा कबड्डी संघ पहिल्यांदाच तुमच्याकडे आला. थाय होल्ड, म्हणजे मांडीला मिठी घालून धरायची पकड, शिकवताना एका मुलीची कंबर वाकत नव्हती, म्हणून तुम्ही मागून तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. तेव्हापासून तुम्ही कुणाला हातच लावत नाही, लांबून ओरडून सांगता, आणि पोरींच्या पकडी सुटायला लागल्यात. मुलांच्या संघातल्या 'मस्ती'चं काय करायचं हेही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "मॅडम, मुलींचा संघ सोडून देऊ का?"

सोडू नका. मराठवाड्यात आजही कितीतरी शाळांत क्रीडाशिक्षिका नाही. तुम्ही सोडलं तर त्या पोरींना दुसरं कुणी मिळणार नाही, त्या घरी बसतील. आणि ते वडील शाळेत आले याचं वाईट वाटून घेऊ नका. पोरगी घरी जाऊन बोलली, बापानं ऐकून घेतलं, तुमच्याकडे विचारायला आला आणि तिचा खेळ बंद केला नाही. हे किती दुर्मिळ आहे ते मी पुढे सांगते.

मी परभणी जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं कबड्डी शिकवतेय, त्याआधी दहा वर्षं बचावात उजवा कोपरा खेळले. त्यामुळे 'कबड्डीत अंगाला अंग लागणारच, ज्यांना चालत नाही त्यांनी कॅरम खेळावा' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. त्याच्या अर्ध्या भागात सात जणी एकीवर तुटून पडतात, तिथे अंग लागतं हे खरंच. पण त्याच खेळाच्या नियमात काय लिहिलंय? रेडरला, म्हणजे चढाई करणारीला, हातापायांना किंवा धडाला धरता येतं, दुसरीकडे कुठे नाही. तिचं तोंड दाबून दम तोडता येत नाही. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल चालत नाही. म्हणजे ज्या खेळात सगळ्यात जास्त अंगलट आहे, त्याच खेळानं कुठे धरायचं आणि कुठे नाही हे कधीच लिहून ठेवलंय.

पोरगी चढाईला जाते तेव्हा ती समोरच्या सात जणींना तीस सेकंदांपुरती एक परवानगी देते. नियमात बसेल तसं मला धरा. शिट्टी वाजली की ती परवानगी संपली. बाकावर बसल्यावर मांडीवर थाप मारायची, एसटीत शेजारी बसून खांद्यावर हात टाकायचा, 'स्टान्स' नीट करायच्या नावाखाली कंबर धरायची, यातलं काहीही त्या परवानगीत येत नाही. आपल्याकडची गल्लत इथे होते. खेळात अंग लागतं, म्हणून खेळाडूचं अंग सगळ्यांसाठी मोकळं आहे असं आपण धरून चालतो.

तुम्ही मुद्दाम काही वाईट केलं नाही, हे मला तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. चूक दोन ठिकाणी झाली. तुम्ही मागून गेलात, आणि न बोलता हात लावला. आमच्याकडे खो-खो तर घरोघरी खेळतात, धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली त्याच खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या खो-खोत खो मागूनच देतात, पण नुसता हात लावून भागत नाही. पाठीला हात लागला आणि तोंडातून 'खो' निघाला नाही तर पंच फाऊल देतो. शिकवतानाही तेवढंच लक्षात ठेवा. तोंडानं सांगितल्याशिवाय हात नाही, आणि आपण शिकवणाऱ्यांनी मागून तर जायचंच नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते, कारण 'काळजी घ्या' असं नुसतं सांगून कुणाला पकड शिकवता येत नाही.

मी नव्या पोरींना पहिले पंधरा दिवस माणूस धरू देत नाही. एक पोतं घ्यायचं, सोयाबीनचं भुसकट त्यात दाबून भरायचं, तोंड सुतळीनं शिवायचं. त्याला खडूनं दोन पट्टे आखायचे, एक घोट्याच्या उंचीवर आणि एक गुडघ्याच्या वर चार बोटं. पोतं कडुनिंबाच्या फांदीला टांगायचं, एकीनं ते झोका देऊन सोडायचं आणि समोरचीनं खाली बसून पट्ट्यावर मिठी घालायची. कान पोत्याला लागला पाहिजे, डोकं बाहेरच्या बाजूला, दोन्ही हातांचं कुलूप मागे. एकेकीनं वीस-वीस वेळा. तुम्हाला हात लावायची गरजच पडत नाही, कारण चूक पोतंच दाखवतं. कुलूप ढिलं असलं की पोतं निसटतं.

त्यानंतर मी स्वतः रेडर होते. यात मोठा फरक आहे, सर. मी पोरीला धरून दाखवलं तर तिचं अंग माझ्या ताब्यात असतं. ती मला धरते तेव्हा किती जोर लावायचा आणि केव्हा सोडायचं हे तिच्या हातात राहतं. पुरुष शिक्षकानं मुलींसमोर रेडर होऊ नये, हे मी स्पष्ट सांगते. तुम्ही बारावीतली किंवा माजी खेळाडू असलेली एखादी मुलगी बोलवा, तिला रेडर करा आणि स्वतः समोर उभं राहून बोला. "डावा गुडघा खाली. कोपर आत. अजून आत." जिथे बोट दाखवायचं तिथे खडू किंवा हातभर काडी वापरा. खांदा खाली यायला पाहिजे तर तिच्या खांद्याच्या खाली काडी आडवी धरा आणि सांगा, खांदा काडीला लागू दे. ती स्वतः खाली येते.

तरीही कधी हात लावावा लागतोच. तेव्हा समोरून जायचं, सगळ्या संघासमोर, आणि म्हणायचं, "मी तुझं मनगट धरून वळवून दाखवतो, चालेल?" ती हो म्हणाली तर मनगट धरा, तीन सेकंदांत सोडा. ती गप्प राहिली तर तो नकार समजा. आपल्याकडच्या पोरी सरांना 'नको' म्हणत नाहीत, त्या खाली बघतात. खाली बघितलं की दुसरीला बोलवा, काही न बोलता, तोंड वाकडं न करता.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि मी ते फार उशिरा शिकले.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पाथरीकडची एक पोरगी संघात होती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ही आजीजवळ राहायची. पायात अशी चपळाई, की बोनसचा गुण घेऊन वळताना धूळसुद्धा उडायची नाही. तेव्हा मी सहायक होते, मुख्य प्रशिक्षक दुसरे होते. ते चढाईचा पवित्रा सुधारताना तिला मागून कंबरेला धरायचे. आधी क्षणभर, मग जास्त वेळ. मी बघत होते. मला खटकत होतं आणि मी स्वतःला समजावत होते, शिकवतायत, एवढं काय. एक दिवस पाणी पिताना ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, सर लई जवळ येऊन शिकवायलेत. मला नको वाटायलंय." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "खेळात असं चालतं बाळा, लक्ष खेळावर ठेव."

पुढच्या आठवड्यात तिनं एकदा त्यांचा हात झटकला. त्यानंतरच्या जिल्हा स्पर्धेत ती राखीव खेळाडूंत बसली. कारण दिलं 'फॉर्म नाही'. त्यानंतर ती मैदानावर आली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं, सोळाव्या वर्षी.

ती आणखी मोठ्यानं बोलली का नाही, घरी का सांगितलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला खूप वर्षं विचारला. मग अशाच दुसऱ्या पोरींशी बोलून कळलं. त्यांना सरांची भीती असते, पण त्याहून मोठी भीती घराची असते. घरी सांगितलं तर बाप सरांना काही म्हणेल न म्हणेल, आधी बूट काढून ठेवायला लावील. शाळा बंद, खेळ बंद आणि स्थळं बघायला सुरुवात. आमच्या भागात बालविवाह किती होतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मैदान हीच तिला घराबाहेर मिळालेली एकुलती एक जागा असते. ती वाचवायला ती सहन करते. आणि धीर करून 'नको' म्हणालीच, तर संघातून नाव जातं. म्हणजे गप्प बसली तरी तीच सोसणार आणि बोलली तरी तिचीच जागा जाणार.

म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, की 'नको' म्हटल्यानं संघातली जागा जात नाही हे पोरींना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. भाषण देऊन ते पटत नाही. माझ्याकडे एखादी म्हणाली, "मॅडम, आज पकडीचा सराव नको," तर मी कारण विचारत नाही. पाळी असेल, घरी मार खाल्ला असेल, नुसतं नको वाटत असेल. ती बाजूला फूटवर्क करते, आणि शनिवारच्या सामन्यात तिचा नंबर होता तिथेच राहतो. बाकीच्या अकरा जणी हे बघत असतात. निवडही मी एकटी करत नाही. चढायांचे आणि पकडींचे गुण रोज वहीत लिहिले जातात, दोन खेळाडू ते लिहितात, आणि संघ त्या वहीवरून ठरतो. प्रशिक्षकाच्या मर्जीवर जागा ठरते तिथे कुणाचीही 'नको' म्हणायची हिंमत होणार नाही. साक्षी मलिकनं २०१६ साली रिओत कुस्तीचं ऑलिम्पिक पदक जिंकलं. तिला आणि कुस्तीगीर विनेश फोगटला लैंगिक छळाविरुद्ध बोलायला जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं, तेव्हा कुठे देशानं ऐकलं. मग मानवत-सेलूच्या चौदा वर्षांच्या लेकरानं एकटीनं बोलावं अशी अपेक्षा आपण कशी करायची?

मुलांचं विचारलंत ते बरं केलंत, फार कमी जण विचारतात. नव्या मुलाची चड्डी ओढायची, टॉवेल हिसकायचा, कुल्ल्यावर फटके, रात्री मुक्कामी अंगावर झोपायचं, आणि कुणी चिडला की 'बायकी आहे' म्हणायचं. याला मस्ती म्हणतात. मी याला मस्ती मानत नाही. चांगला उंचपुरा, बचावात कव्हर खेळणारा पोरगा अचानक 'सर, पोटात दुखतंय' म्हणत मुक्कामाच्या स्पर्धा टाळायला लागला, तर आधी खोलीत काय चाललंय ते बघा. दोघंही हसत असतील आणि दोघंही एकमेकांना करत असतील तर तो खेळ. एकच जण हसतोय आणि दुसरा दाराकडे बघतोय, तर तो त्रास. पहिल्याच वेळी सगळ्यांसमोर थांबवा, आणि त्रास देणारा तुमचा सगळ्यात चांगला रेडर असला तरी त्याला एक सामना बाहेर बसवा. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा, आणि त्यात 'बालक' म्हणजे अठराच्या आतलं कुणीही. मुलगाही त्यात येतो हे पालकांनाच काय, शिक्षकांनाही माहीत नसतं. आणि मुली-मुलींतही असं घडतं. मोठ्या पोरींनी लहान पोरींना साखळीत, म्हणजे हात धरून बचाव करताना, मुद्दाम चिमटे काढणं मी स्वतः पकडलंय.

तालमीचा विषयही इथेच घेते, कारण तुमच्या मुलांत दोन पैलवान आहेत. लाल मातीत अंगाला अंग घासूनच कुस्ती शिकतात, वस्तादाबद्दल पोरांच्या मनात देवासारखा भाव असतो, आणि मालिश ही तिथली जुनी रीत आहे. मला त्या रीतीबद्दल आदर आहे. पण पोरांनी एकमेकांची मालिश आखाड्यात, उजेडात करणं वेगळं, आणि रात्री बंद खोलीत एका लेकराला पाय चेपायला बोलावणं वेगळं. दुसरी गोष्ट कुठल्याच तालमीत चालू नये.

दुखापतीच्या वेळी तर फार जपा. पोटरीत गोळा आला तर काय करतोय ते सांगत, कपड्यावरून, बाकीच्या पोरी भोवती असताना पाय ताणा. आणि शक्यतो तिच्या जोडीदारणीलाच ताणायला सांगा, पोरींना ते शिकवून ठेवा. जांघ, छाती, पाठीचा खालचा भाग यांना आपण हातच लावायचा नाही, बर्फाची पिशवी तिच्या हातात द्यायची आणि डॉक्टरकडे पाठवायचं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं 'उपचार' म्हणून मुलींचं शोषण करत राहिला. काही वेळा आई त्याच खोलीत बसलेली असायची, हा आडवा उभा राहायचा. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, त्या सुनावणीत दीडशेहून जास्त जणी बोलल्या. त्यातल्या काहींनी लहानपणीच मोठ्यांना सांगितलं होतं. मोठे म्हणाले होते, डॉक्टर आहेत, उपचारच असतील. मी त्या पाथरीच्या पोरीला तेच म्हणाले होते.

जिंकल्यावरची मिठी हा प्रश्न बऱ्याच जणांना क्षुल्लक वाटतो. २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीत स्पेनच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, आणि मंचावर त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष रुबियालेस यांनी खेळाडू जेनी एर्मोसोचं डोकं धरून ओठांचं चुंबन घेतलं. आनंदाच्या भरात झालं, असं त्यांचं म्हणणं. २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं लैंगिक अत्याचारासाठी दोषी धरून त्यांना दंड केला. आनंद खरा असला तरी तो आपला असतो, अंग तिचं असतं. आपल्याकडे पोरी पाया पडतात, आपण डोक्यावर हात ठेवतो, पाठीवर वर, खांद्याजवळ शाबासकीची थाप देतो. ते राहू द्या, त्यात वाईट काही नाही. मिठी मात्र पोरींनी एकमेकींना मारावी. तुम्ही टाळी द्या. आणि थाप देतानाही एखादीचे खांदे आक्रसले, तर तिच्यापुरती थापही बंद.

आता कायदा, जेवढा तुम्हाला रोज लागेल तेवढा. पोक्सोखाली स्पर्श गुन्हा ठरतो तो लैंगिक हेतूनं केला असेल तर. कपड्यावरून केला म्हणून सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे पकड शिकवणं हा गुन्हा नाही, घाबरू नका. पण खटला उभा राहिला तर हेतू होता असं न्यायालय धरून चालतं, आणि नव्हता हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. म्हणून उघड्यावर, सगळ्यांसमोर, सांगून शिकवण्याची सवय पोरींना जपते आणि तुम्हालाही. अठराच्या वरच्या महिला खेळाडू आणि प्रशिक्षिकांसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा आहे. त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा नाव घेऊन आलीय.

एखादं लेकरू तुमच्याजवळ बोललं तर काय? मधे न तोडता ऐका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, आणि त्या माणसाला समोर आणून 'खरं-खोटं' तर अजिबात करू नका. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून मदत मागता येते. चांगल्या हेतूनं माहिती दिली म्हणून तुमच्यावर ठपका येत नाही. शाळेतल्या सखी सावित्री समितीला, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षेसाठीच्या समितीला, विषय माहीत असू द्या, पण समितीची बैठक होईपर्यंत पोलिसांना कळवायचं थांबू नका. चार प्रतिष्ठित माणसं येऊन सांगतील, "गावातलं गावात मिटवू, पोरीचं नाव खराब होईल." तेव्हा पाय रोवून उभं राहावं लागतं. मिटवलं की तो माणूस पुढच्या गावच्या शाळेत जातो.

मुक्कामाच्या स्पर्धांचं थोडक्यात. मुलींबरोबर बाई हवीच, शिक्षिका नसेल तर एखादीची आई न्या. २०२२ मध्ये एका महिला सायकलपटूच्या तक्रारीनंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणानं महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक सक्तीची केली, ती काही उगाच नाही. झोपायच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, निरोप दारातून. वजन बाईनंच करायचं, कपड्यांसकट जमत नसेल तर आडोसा करून. सरावाचे व्हिडिओ शाळेच्या फोनवर घ्या, आणि कुणाच्याही रीलवर जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. पकडीच्या क्षणी मागून काढलेला फोटो पोरीला वर्षभर छळतो.

आणि ते वडील. त्यांना पुन्हा बोलवा, पण कार्यालयात नको, मैदानावर. आईलाही आणायला सांगा. पोरींकडून पोत्यावरची पकड करून दाखवा. म्हणा, "त्या दिवशी मी न विचारता हात लावला, तसं करायला नको होतं. आता असं शिकवतो." मी असं एका बापाला म्हणाले होते, सहा वर्षांपूर्वी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चप्पल काढून मैदानात आला, पोतं हलवून बघितलं आणि म्हणाला, "हे हलकं पडायलंय मॅडम, मी सरकीची पेंड घालून देतो." त्याची पोरगी पुढे दोन वर्षं खेळली.

तुम्ही मात्र भुसकटच घाला, पेंडीनं पोतं फार जड होतं आणि लहान पोरींच्या मनगटाला लागतं. नीट वाळवून भरा. ओलं राहिलं तर आठ दिवसांत कुजतं आणि शिवण उसवते.